तिसरं पेडल

"एक पेडल वाढवायचं, बाकी काय!" एवढं बोलून मिस्त्री हात पुसत पलीकडच्या गाडीकडे वळला. नऱ्ह्याला, हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आत गेलं की त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. माणूस कामाचा, गिऱ्हाइकाला घाबरवून पैसे काढणाऱ्यांतला नाही, म्हणून तर एवढं लांब जायचं. आमची २००८ची ऑटोमॅटिक गाडी गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना स्लिप मारायला लागली होती. इंजिन ओरडतं, काटा वर पळतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि मग अचानक असा झटका बसतो की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली. (कंपनीचं नाव लिहीत नाही. सतरा वर्षं चालल्यावर एक भाग थकला म्हणून कोणाची बदनामी कशाला?) मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. ऑटोमॅटिक बॉक्स काढून टाका, याच मॉडेलचा मॅन्युअल बसवतो, निम्म्या पैशात काम होतंय, वर ॲव्हरेज वाढेल ते वेगळंच. व्यवहार म्हणून पाहिलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी कोथरूडला घरी पोचेपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

ते वाढलेलं पेडल आत्याच्या डाव्या पायाखाली येणार होतं.

आत्याचा जन्म १९५३चा. साल्कची पोलिओवरची लस अमेरिकेत जाहीर झाली १९५५च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात ही तापाने फणफणली. ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडलेला होता. लस आपल्याकडे घरोघरी पोचायला पुढे कित्येक वर्षं जायची होती. २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा ती पायाला आधार म्हणून बांधायच्या कॅलिपरचा पट्टा सोडत म्हणाली होती, "चला, म्हणजे आमच्या क्लबात आता नवीन मेंबर नाही." हे असं बोलणं तिचं नेहमीचं. तिच्याविषयी हळवं होऊन बोलायला गेलं की ती तोंडावर काहीतरी असं फेकते की समोरच्याने विषय बदलावा. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, सहकारनगरला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. पीएमटीच्या पहिल्या पायरीची उंची तिला इंचात पाठ होती, आणि कुठल्या मार्गावरचा कंडक्टर थांबतो, कुठला नुसतीच घंटी मारतो, हेही. उशीर झाला म्हणून तिने साहेबाला कधी पायाचं कारण सांगितलं नाही. बसचं सांगितलं. पुण्यात ते कोणालाही पटायचं.

मग तिची स्कूटर आली. लुना १९७२पासून होतीच, पण ती पेडल मारून चालू करायची, म्हणजे आत्याच्या कामाची नाही. १९८४ साली फिरोदियांच्या किनेटिकने होंडाशी हातमिळवणी केली आणि बटण दाबलं की चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर निघाली. आत्याने ती घेतली आणि एका वर्कशॉपमधून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी चाकं जोडून घेतली. शाळा सुटली की मी कधीकधी तिच्या मागे बसायचे. चारही चाकं एका रेषेत नसल्यामुळे खड्डा एक असला तरी दणके तीन बसायचे, आणि प्रत्येक दणक्याला आत्या "हं" असं म्हणायची, हजेरी घेतल्यावर म्हणतात त्या सुरात. त्या स्कूटरच्या पोटात रबरी पट्टा आणि दोन पुल्या असतात. वेग वाढतो तसा पुल्यांचा घेर बदलतो आणि गिअर आपोआप बदलत राहतो. हीच युक्ती डाफ या डच कंपनीने १९५८ सालीच मोटारीत घातली होती. म्हणजे हिशेबाने बघितलं तर निम्मं पुणं, त्यातही पुण्यातल्या बायका, ऑटोमॅटिक वाहनावर हिंडत मोठ्या झाल्या. त्याला कोणी हसलं नाही. चारचाकी मात्र बिनगिअरची म्हटली की लोकांच्या भुवया वर. "गाडी येत नाही का चालवायला?" हा प्रश्न मी स्वतः किती तरी पार्किंगमध्ये ऐकलाय.

भुवई वर करणाऱ्यांत आमचे बाबा पहिले. बाबा पिंपरीला टेल्कोत होते, गिअर कापायच्या खात्यात. जन्मभर हॉबिंग मशीनसमोर उभं राहिलेला माणूस. रात्री जेवायला बसले तरी बोटांना कटिंग ऑइलचा वास. त्यांच्या लेखी गिअर हातानेच टाकायचा असतो आणि तो टाकताना आवाज आला तर मान खाली घालायची असते. २००८ साली त्यांच्या धाकट्या बहिणीने ऑटोमॅटिक गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा ते म्हणाले, "मग ड्रायव्हरने काय नुसता हॉर्न वाजवायचा?" आत्या म्हणाली, "दादा, ब्रेकपण असतो." तिथे ते संपलं. पण कारखान्यातल्या माणसाला आत काय आहे ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. बाबांनी पुस्तकं मिळवली, वही घातली, आणि आठवड्याभराने आम्हा सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवणी घेतली. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचं चाक फिरतं, आणि मधे लोखंडाला लोखंड लागतच नाही. हे डोकं फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरचं. १९०५चं पेटंट, आणि तेही जहाजांसाठी. त्यापुढे गिअरच्या चकत्या, त्यांना तेलाच्या दाबाने धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या क्लच प्लेटा. जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक काढला, पुढच्या वर्षीच्या ओल्ड्समोबिलसाठी, त्याला चार गिअर होते. "आणि तुझ्या गाडीलाही चारच!" बाबा टेबलावर थाप मारून म्हणाले. "सत्तर वर्षांत एक गिअर वाढवता आला नाही यांना." पण वहीत त्यांनी सगळ्या आकृत्या काढल्या होत्या, रंगीत पेन्सिलने, आणि तेल लाल रंगाने.

त्या गाडीने आत्याचं काय झालं हे सांगायला मला नीटसं जमणार नाही. ती भिजायची थांबली, हे एक. पावसाळ्यात कॅलिपरचं चामडं ओलं राहून पाय सोलवटायचा, तो थांबला. सहकारनगर, मित्रमंडळ चौक, टिळक रोड, भरत नाट्य मंदिर, परत. मैत्रिणींना घरून घ्यायचं, नाटक संपलं की एकेकीला दारात सोडायचं. आयुष्यभर दुसऱ्यांनी "मी सोडू का?" असं विचारलेली बाई, पंचावन्नाव्या वर्षापासून तीच दुसऱ्यांना विचारू लागली. मागे बसून पाहिलं तर तिचं चालवणं फार सभ्य आहे. सिग्नल हिरवा झाला की ती फक्त ब्रेकवरचा पाय हलका करते आणि गाडी आपली आपण सरकू लागते. मागचे हॉर्न मारतात. ती आरशात बघते, कपाळाला आठी घालते, आणि त्याच वेगाने सरकते.

बिघाड एका दिवसात झाला नाही. आधी रिव्हर्सला टाकल्यावर गाडी जरा विचार करून मागे यायला लागली. मग उन्हाळा. सकाळी गार इंजिनावर सगळं ठीक, दुपारी नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली अर्धा तास अडकून निघालं की स्लिप. बाबांच्या वहीप्रमाणे त्याचं कारण साधं आहे. तेल तापलं की पातळ होतं, जुनी रबरी सील कडक झालेली असतात, दाब गळतो, प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत, घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. मित्रमंडळ चौकात एकदा गाडीने चढाला दमच सोडला. आत्याने इमर्जन्सी लाइट लावले, काच वर केली आणि गाडी गार होईपर्यंत रेडिओ ऐकत बसली. मागून येणाऱ्या एका मुलाने काचेवर टकटक करून "आजी, रिक्षा बोलावू का?" विचारलं. हे तिने आम्हाला सांगितलंच नाही. त्याच चौकातल्या औषधाच्या दुकानदाराकडून कळलं.

मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाबा बरोबर आले. अठ्ठ्याहत्तर वय, पण ऑइल पॅन खोलणार म्हटल्यावर चप्पल घालून दारात उभे. गाडी लिफ्टवर चढली, बोल्ट सुटले, ट्रेमध्ये तेल पडलं. लाल असायला हवं ते काळपट तपकिरी होतं, आणि फोडणीतली मोहरी करपली की घरभर जो वास चिकटून बसतो तसा वास. पॅनच्या तळाला लोहचुंबक असतं, लोखंडाची झीज धरून ठेवायला. मिस्त्रीच्या पोऱ्याने ते पांढऱ्या फडक्यावर पुसलं. राखाडी लगदा. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, लगदा अंगठा आणि तर्जनीत घेतला आणि मळत राहिले, डोळे मिटून. मीठ किती पडलंय ते बघायला आई आमटी तळहातावर घ्यायची तेव्हा बाबा कंटाळून "झालं का?" विचारायचे, आता आम्ही सगळे गप्प उभे होतो आणि ते त्यांचा वेळ घेत होते. "कपची नाही," ते म्हणाले. "पीठ आहे. एवढं असतंच. दाते शाबूत आहेत." फडक्यावर राहिलेला काळा चुरा प्लेटांच्या अस्तराचा होता. मिस्त्रीने मान हलवली. गिअर चांगले, प्लेटा आणि सील गेली, हे त्याला आधीच माहीत होतं, पण म्हाताऱ्या माणसाने ते बोटांनी ओळखलं याचं त्याला कौतुक वाटलं असावं. त्याने चहा मागवला.

चहाबरोबर मग पर्याय आले. नुसतं तेल बदलावं का, तर त्यावर गॅरेजवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो बदला, दुसरा म्हणतो एवढ्या झिजलेल्या बॉक्समध्ये जुन्या तेलातल्या चुऱ्यावरच प्लेटा कशाबशा धरून आहेत, नवं स्वच्छ तेल घातलं की उरलीसुरली पकडही जाईल. शिवाय पॅन सोडला तर थोडंच तेल खाली येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (म्हणजे ती पात्यांची चाकं असतात त्या डब्यात) आणि कूलरमध्ये बसून राहतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा निरोप आधीच आलेला: पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, किंमत अशी की तेवढ्यात या गाडीसारख्या दोन येतील, आणि पार्ट येईलच असं लिहून देत नाही. राहिला जुना बॉक्स. नाना पेठेत विचारलं तर नाही म्हणाले, कुर्ल्याला सीएसटी रोडला एक आहे, ठोकलेल्या गाडीतून काढलेला, "चेकिंग गॅरंटी." म्हणजे बसवून चालू झाला की गॅरंटी संपली. तो किती किलोमीटर फिरलाय, त्याच्या आधीच्या मालकाने तेल कधी बदललं, कोणाला ठाऊक. आपल्या बॉक्सचा आजार तरी आपल्याला कळलाय, त्याचा आजार पुढच्या उन्हाळ्यात कळणार.

हिंजवडीत काम करणाऱ्या भाच्याची कल्पना सगळ्यांत झगझगीत होती. खर्च करायचाच तर सहा गिअरचा घालू या. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीजला झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक २००१ सालीच होता, मग २०२५मध्ये आपण चारवर का राहायचं? एक्सप्रेसवेवर शंभरला इंजिन किती शांत चालेल! त्याने व्हिडिओही दाखवले, अमेरिकेत लोक जुन्या गाड्यांना नवे बॉक्स लावतात ते. मिस्त्रीने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मग आमचं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "हात घाल." भाच्याचा हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. व्हिडिओतल्या गाड्यांचं इंजिन उभं, त्यामागे लांबलचक बोगदा, मागची चाकं ओढणारी. गिअरबॉक्स दोन इंच लांब निघाला तर शाफ्ट कापून आखूड करता येतो. आपल्याकडे इंजिन आडवं, बॉक्स त्याच्या कुशीत, दोन्हीकडून चाकांचे शाफ्ट. दोन इंच आणायचे कुठून? आणि जागा केली तरी कॉम्प्युटरचं काय? गाडीचा कॉम्प्युटर चार गिअरचा हिशेब पाठ करून बसलाय. इंजिनचा जोर कधी किती कमी करायचा, कुठला सोलेनॉइड, म्हणजे तेलाची विजेवर चालणारी झडप, कधी उघडायचा, सगळं त्या एका बॉक्ससाठी लिहिलेलं. भाच्याने हात सोडवून घेतला आणि ग्रीस पँटला पुसलं. मला वाईट वाटलं. त्याच्या कल्पनेत एक आत्याआजी होती, जी शंभरच्या वेगाने लोणावळ्याला चालली आहे. बाकी कोणाच्या कल्पनेत ती घराबाहेरच पडत नव्हती.

हे मात्र कोणी मोठ्याने बोललं नाही.

रविवारी बाबांकडे जेवताना चर्चा व्हायची ती गिअरबॉक्सचीच. भाऊ म्हणायचा, गाडीची बाजारात किंमत लाखाच्या आत, त्यावर नव्वद हजार घालायचे म्हणजे शहाणपणा नाही. वहिनी म्हणायची, मॅन्युअल करून घरात ठेवू या, आम्हालाही वापरता येईल. मी म्हणायचे, बघू. त्या "बघू"मध्ये माझंही काही होतं. मला मॅन्युअल आवडते. ताम्हिणी घाटात उतरताना दुसरा गिअर टाकून इंजिनचा खर्ज ऐकायला मला आवडतं, आणि ही गाडी हलकी आहे, मॅन्युअल झाली तर मजेदार होईल, हे मनात येऊन गेलं होतं. पण त्या सगळ्या आकड्यांच्या खाली एकच गोष्ट होती. आत्या बहात्तरची झाली, तिने आता गाडी चालवू नये, आणि हे तिला सांगायची कोणाची छाती नव्हती. गिअरबॉक्स गेला होता, आमच्यापैकी कोणाला वाईट व्हावं न लागता आपोआप एक निर्णय होत होता. तिसरं पेडल बसलं की आत्या उतरणार, आणि ते मिस्त्रीने केलं, खर्चाने केलं, पुण्याच्या ट्रॅफिकने केलं असं म्हणायला सगळे मोकळे. मिस्त्रीला बिचाऱ्याला गाडी कोणाची हेच माहीत नव्हतं. तिथे नेहमी मीच जायचे. माहीत आम्हाला होतं. त्याचं वाक्य मला टोचलं, आणि भावाचं तेच म्हणणं जेवताना टोचलं नाही, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते.

काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी समोरून येणाऱ्या एलईडी दिव्यांनी तिचे डोळे दिपतात, स्वारगेटचा चौक ती टाळते. पण पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं, डॉक्टरचा दाखला लावून, आणि पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणीही पाच-पाच वर्षांनीच. २०२३ साली दोघींचं नूतनीकरण एकाच महिन्यात आलं. गाडीचे सहाशेचे पाच हजार झाले होते, आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून. आत्या संगम पुलाजवळच्या आरटीओतून बाहेर येत म्हणाली, "सरकारने मला २०२८पर्यंत धरलंय. तुम्ही कशाला घाई करता?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

शेवटी ती स्वतः गॅरेजला आली. कोणी बोलावलं नव्हतं. रिक्षा करून आली आणि काठी टेकत शेडमध्ये उभी राहिली. मिस्त्रीने कॅलिपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि एका सेकंदात सगळा हिशेब नव्याने मांडला. लाजणं-बिजणं काही नाही. "काकू, मग हाताचा क्लच बसवू. येरवड्याच्या एका साहेबांना बसवलाय. गिअरच्या दांड्यालाच लिव्हर येते." खरंच असतं तसं. क्लच हाताने दाबायची लिव्हर, किंवा आपोआप दाबणारं यंत्र, अपंगांसाठी गाड्या बदलून देणारे लोक बसवून देतात, आणि ज्यांच्या गावात ऑटोमॅटिकचा मिस्त्रीच नाही त्यांना ते वरदान आहे. आत्याने लिव्हर कुठे येईल, किती जोर लागेल, घाटात हँडब्रेक कोण ओढणार, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "एक हात जन्मभर काठीला दिलाय. दुसरा क्लचला देऊ?" त्यानंतर बँकेतली बाई जागी झाली. गिअरबॉक्सचा प्रकार बदलला तर आरसी बुकाचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं? विमा कंपनीला कळवलं नाही आणि उद्या कोणाला धडक बसली तर? मिस्त्री म्हणाला, एवढं कोणी विचारत नाही. आत्या म्हणाली, मी विचारतेय.

नव्या गाडीचाही विचार झाला, नाही असं नाही. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणला आणि चित्रच पालटलं. आत तोच मॅन्युअल बॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र. किंमत थोडीशीच जास्त. आता तर सिंहगड रोडला ज्यांचे दोन्ही पाय धड आहेत त्यांनाच क्लच नकोसा झालाय. माझीच डाव्या गुडघ्याची वाटी राजाराम पुलापर्यंत दुखायला लागते. ज्या गाडीला लोक "अपंगांची" म्हणायचे ती आज शोरूममध्ये वेटिंगवर आहे, हे बघून आत्याला गंमत वाटते. आम्ही तिला एक एएमटी चालवायला नेलं. पुलाच्या चढावर गर्दीत ती गाडी प्रत्येक गिअरला मान खाली घालून पुन्हा वर करत होती. शोरूमचा मुलगा म्हणाला, सवय होते मॅडम, गिअर बदलताना ॲक्सिलरेटर जरा सोडायचा. आत्याने गाडी नीट परत आणून लावली, चावी त्याच्या हातात दिली. "मी लंगडते तेवढं पुरे. गाडीनेपण कशाला?" मुलगा बिचारा हसावं की नाही या विचारात पडला. खरी अडचण धक्क्यांची नव्हती असं मला वाटतं. जुन्या गाडीच्या दाराची चौकट कुठे धरायची, पाय उचलून आत किती वळवायचा, सीट कुठल्या खाचेत अडकवली की कॅलिपरची कडी स्टिअरिंगखाली लागत नाही, हे सगळं तिच्या हातांनी सतरा वर्षांत बसवलेलं होतं. बहात्तराव्या वर्षी ते पुन्हा बसवायचं काम तिला नको होतं, आणि ते कबूलही करायचं नव्हतं.

निर्णय झाला तो असा. भावाने पुन्हा एकदा लाखाच्या आतल्या किमतीचा मुद्दा काढला, तेव्हा आत्याने वाटीतलं श्रीखंड संपवलं, चमचा खाली ठेवला. "ही गाडी विकायला काढली आहे का? नाही ना? मग तिचा बाजारभाव मला का सांगता? नव्वद हजार भागिले तीन वर्षं. महिन्याला अडीच हजार. तेवढ्यात मला रोज रिक्षा मिळते का, ते सांगा." भावाने फोनवर भागाकार करून पाहिला. बरोबर होता. बाबा म्हणाले, "दाते शाबूत आहेत," आणि त्यांचं मत तेवढंच होतं. तोच बॉक्स उघडायचा, प्लेटा, सील, ओरिंग, फिल्टर नवं, व्हॉल्व्ह बॉडी धुऊन घ्यायची, दोन सोलेनॉइड बदलायचे. किट मुंबईहून. कूलरची नळी नवीन, आणि बाहेरून एक जास्तीचा ऑइल कूलर, म्हणजे नळ स्टॉपला तेल एवढं तापणार नाही. सहा गिअर नाही, पण अपग्रेडच म्हणायचं तर हे एवढं. भाच्याने त्या कूलरची जागा शोधायला मदत केली. या वेळी हात आत गेला.

कामाला सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले, ते धरूनच चालायचं. गाडी आता गरम झाली तरी ओढते. गार असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जरा जोरात बसते. मिस्त्री म्हणतो नव्या प्लेटा रुळेपर्यंत तसं होतं. कदाचित होईलही. या नव्वद हजारांचं सोनं झालं की माती ते पुढच्या मे महिन्यात मित्रमंडळ चौकात कळेल, आणि आत्याच्या संध्याकाळच्या गाडी चालवण्याचा विषय अजून आमच्यापैकी कोणीतरी काढायचाच आहे, गिअरबॉक्सला पुढे न करता.

गाडी न्यायला ती स्वतःच आली होती. सहा महिन्यांची गॅरंटी तिने बिलावर लिहून, सही-शिक्क्यासकट घेतली. मग म्हणाली, "जुने पार्ट?" मिस्त्री म्हणाला, "काकू, ते भंगारात जातात." "मग भंगाराचे पैसे बिलातून वजा करा. नाहीतर पार्ट द्या, मोजून." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी बिलाकडे पाहिलं. त्याने तीनशे रुपये कमी केले, आणि काळ्या पडलेल्या प्लेटा पिशवीत घालून वर दिल्या त्या दिल्याच. बाबांना हव्या होत्या म्हणे, वहीसाठी.